मार खाऊन कोणी मोठा होत नाही

एड्रियन पीटरसन शेवटचा सामना खेळला तो २०२१ च्या हंगामात. खेळ सोडल्याला पाच हंगाम उलटले की खेळाडूचे नाव ओहायो राज्यातल्या कँटन गावच्या ‘प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेम’साठी विचारात घेतले जाते. त्या हिशेबाने त्याची पाळी २०२७ मध्ये येते. त्याची बाजू मांडणारे दोन गोष्टी एका दमात सांगतात. पहिली, अमेरिकन फुटबॉलच्या इतिहासातल्या सर्वांत थोर रनिंग बॅकपैकी तो एक आहे. दुसरी, २०१४ साली त्याने आपल्या चार वर्षांच्या मुलाला फोकाने मारले, ते बापाने वळण लावणे होते. तो स्वतः असाच मार खात वाढला आणि त्या शिस्तीनेच त्याला घडवले. पहिली गोष्ट मला पूर्ण मान्य आहे. दुसरी साफ खोटी आहे. ती पहिलीच्या खांद्यावर बसून येते, म्हणून ऐकणाऱ्याला खरी वाटते. हा लेख त्या दुसऱ्या गोष्टीविरुद्ध आहे.

आधी मान्य करायचे ते मोकळ्या मनाने मान्य करू. रनिंग बॅकचे काम सांगायला सोपे आणि करायला भयंकर. चेंडू काखेत घट्ट दाबायचा आणि समोरच्या अकरा धिप्पाड माणसांमधून वाट काढत पुढे जायचे. किती यार्ड पुढे गेलात, एवढाच हिशेब. या कामात शरीर लवकर झिजते. तिशी आली की बहुतेकांची सद्दी संपते. टेक्सासमधल्या पॅलेस्टाइन या छोट्या गावात १९८५ साली जन्मलेला पीटरसन ओक्लाहोमा विद्यापीठाकडून खेळून २००७ मध्ये मिनेसोटा व्हायकिंग्ज संघात आला. पहिल्याच वर्षी, ४ नोव्हेंबर २००७ रोजी, सॅन डिएगो चार्जर्सविरुद्ध त्याने एका सामन्यात २९६ यार्ड काढले. एनएफएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये एका सामन्यातला तो विक्रम अजून त्याच्याच नावावर आहे.

२४ डिसेंबर २०११ रोजी वॉशिंग्टनविरुद्धच्या सामन्यात त्याच्या डाव्या गुडघ्याचे दोन मुख्य अस्थिबंध फाटले. अशा दुखापतीनंतर अनेकांचा वेग परत येत नाही. हा माणूस साडेआठ महिन्यांत, पुढच्या हंगामाच्या पहिल्याच सामन्यात मैदानावर उतरला आणि त्या वर्षी त्याने २,०९७ यार्ड काढले. एका हंगामातला एरिक डिकरसनचा १९८४ चा विक्रम २,१०५ यार्डांचा. पीटरसन त्यापासून अवघे ८ यार्ड दूर राहिला. त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडूचा किताब त्यालाच मिळाला. पुढे २०१५ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, त्याने तिसऱ्यांदा सर्वाधिक यार्डांचा मान मिळवला. कारकिर्दीची बेरीज १४,९१८ यार्ड. अख्ख्या इतिहासात त्याच्या पुढे फक्त चार जण आहेत. कँटनमध्ये त्याचा अर्धपुतळा बसावा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. हॉल ऑफ फेमचा नियमही निवड करणाऱ्यांना मैदानावरची कामगिरीच पाहायला सांगतो.

आता दुसरी गोष्ट. मे २०१४ मध्ये टेक्सासमधल्या आपल्या घरी पीटरसनने चार वर्षांच्या मुलाला झाडाची फांदी सोलून केलेल्या फोकाने मारले. कारण काय, तर खेळता खेळता त्याने दुसऱ्या मुलाला ढकलले. मुलगा मिनेसोटात आईकडे परतला, तिने त्याला डॉक्टरांकडे नेले आणि डॉक्टरांनी अंगावरच्या खुणा पाहून यंत्रणेला कळवले. पाठीवर, कुल्ल्यांवर, पायांवर, घोट्यांवर वळ आणि चिरा होत्या. नाजूक जागीही लागले होते. हातांवरही जखमा होत्या. पीटरसनने मुलाच्या आईला पाठवलेल्या निरोपांत, फोक भलत्या जागी लागला आणि त्याचे वाईट वाटले, असे लिहिल्याचे त्या वेळी प्रसिद्ध झाले.

हातांवरच्या जखमा जाणीवपूर्वक पाहायला हव्यात. शिक्षा म्हणून सहसा कोणी हातांच्या पाठी फोडत नाही. हात मध्ये येतात ते मारापासून अंग वाचवायला. याचा अर्थ, पहिल्या फटक्यानंतर मुलाने हात पुढे केले, ते हात बापाला दिसले आणि तरीही पुढचा फटका पडला. प्रेम, हेतू, वळण, संस्कार, काहीही म्हणा. त्या क्षणी समोर हात आडवे धरलेले एक पोर होते आणि मारणारा थांबला नाही. या घटनेची चर्चा तिथूनच सुरू झाली पाहिजे. बचाव करणारे मात्र ती पीटरसनच्या बालपणापासून सुरू करतात.

सप्टेंबर २०१४ मध्ये टेक्सासच्या माँटगोमेरी काउंटीतल्या ग्रँड ज्युरीने त्याच्यावर मुलाला बेपर्वाईने इजा केल्याचा आरोप ठेवला. त्यानंतर पीटरसनने काढलेल्या निवेदनाचा गाभा असा होता: मी काही आदर्श बाप नाही, पण मुलांचा छळ करणाराही नाही, माझ्या आईवडिलांनी आणि नातेवाइकांनी मला अशी शिस्त लावली नसती, तर मी रस्त्यावर भरकटलेल्या पोरांपैकी एक झालो असतो. त्याच्या बाजूचा सगळा युक्तिवाद या एका वाक्यावर उभा आहे. मी मार खाल्ला, मी मोठा झालो, म्हणून मारामुळे मी मोठा झालो.

हा निष्कर्ष त्याच्या स्वतःच्या आयुष्यावरच तपासून पाहू. पीटरसन सात वर्षांचा असताना त्याच्या डोळ्यांदेखत मोठ्या भावाला दारू प्यालेल्या चालकाच्या गाडीने उडवले आणि भाऊ गेला. तेराव्या वर्षी वडील तुरुंगात गेले. अमली पदार्थांच्या व्यापारातला पैसा पांढरा केल्याचा गुन्हा होता. २००७ मध्ये, व्यावसायिक संघांसमोर कौशल्य दाखवण्याच्या ऐन दिवसांत, त्याच्या सावत्र भावाची गोळी घालून हत्या झाली. एवढे सोसून जो माणूस उभा राहिला, त्याच्या उभे राहण्याचे श्रेय पट्ट्याला देणे हा त्या माणसाचाच अपमान आहे. ज्या घरातल्या कडक शिस्तीने त्याला वाचवले म्हणतात, त्या घरातला शिस्त लावणारा स्वतः तुरुंगात गेला. मारात रस्ता दाखवण्याची ताकद असती तर ती आधी मारणाऱ्याला दिसली असती.

मग त्याचा वेग आला कुठून? आई कॉलेजात धावण्याच्या आणि लांब उडीच्या स्पर्धा गाजवणारी, वडील कॉलेजात बास्केटबॉल खेळलेले. त्या रक्तातून आलेले शरीर, लहानपणापासूनचा खेळ, मैदानावर वेळ देणारी माणसे, वर्षानुवर्षांचा सराव. हे सगळे डोळ्यांसमोर असताना वळांमध्ये कारण शोधण्याची गरज काय?

यापेक्षाही मोठा पुरावा २०१२ च्या हंगामाचा आहे. त्याच्या कारकिर्दीतले सर्वांत थोर काम तेच, यावर दुमत नाही. ते कसे झाले, हे सगळ्यांना माहीत आहे. डॉक्टर जेम्स अँड्र्यूज यांनी गुडघ्यावर शस्त्रक्रिया केली. मग महिनोन्‌महिने संघाच्या फिजिओंनी तो गुडघा थोडा थोडा वाकवत, सुजेवर लक्ष ठेवत, किती भार टाकायचा आणि कधी थांबायचे हे ठरवत त्याला पुन्हा धावता केला. घाई केली असती तर नवा अस्थिबंध पुन्हा फाटला असता. त्या साडेआठ महिन्यांत तो चुकला, थकला, वैतागला असेल. त्या प्रत्येक वेळी त्याला धीर मिळाला, विसावा मिळाला, पुन्हा करून दाखवणारा माणूस मिळाला. पायरी चुकली म्हणून त्याच्या पाठीवर कोणी फोक ओढला नाही. जगातला सर्वांत बळकट रनिंग बॅक, पण दुखऱ्या गुडघ्याला लहान मुलासारखे जपून शिकवावे लागते, हे त्याने स्वतःच्या देहावर अनुभवले होते. चार वर्षांच्या खऱ्याखुऱ्या मुलाला मात्र त्याने याच्या नेमके उलट वागवले.

बचावाचा दुसरा पवित्रा संस्कृतीचा. बास्केटबॉलपटू चार्ल्स बार्कली याने त्याच आठवड्यात दूरचित्रवाणीवर सांगितले, की आम्ही दक्षिणेकडचे. आमच्याकडे मुलांना असे मारतातच, हा गुन्हा धरला तर दक्षिणेतले सगळे कृष्णवर्णीय आईबाप तुरुंगात जातील. या बोलण्यामागे एक खरी जखम आहे. अमेरिकेत काळ्या आईबापांना भीती वाटते, की आपण आपल्या पोराला वठणीवर आणले नाही तर रस्त्यावरचा पोलीस आणेल आणि त्याच्या हातात बंदूक असेल. त्या समाजाकडे सरकारी यंत्रणा संशयाने पाहते, त्यांची मुले काढून घेते, त्यांच्या बापांना लवकर गुन्हेगार ठरवते, हे खोटे नाही. ही भीती ज्याला समजत नाही, त्याने या प्रकरणावर बोलू नये.

पण भीती समजून घेणे निराळे आणि तिच्यातून आलेल्या फटक्याला परंपरा म्हणून नमस्कार करणे निराळे. बार्कलीला उत्तर दिले ते बाहेरच्या कोणी नाही, त्याच समाजातल्या माणसांनी. क्रिस कार्टर हा व्हायकिंग्जचाच जुना, हॉल ऑफ फेममध्ये बसलेला खेळाडू. त्याच्या आईने एकटीने सात मुले वाढवली. ईएसपीएनवर बोलताना त्याचा गळा दाटून आला. तो म्हणाला, की आईने जमेल तेवढे सगळे केले, पण काही गोष्टींत ती चुकली, आणि ती चूक मी माझ्या मुलांना शिकवणार नाही. आईवर जीव ठेवूनही आईची चूक चूक म्हणता येते, हे त्याने सगळ्या देशासमोर करून दाखवले. त्याच आठवड्यात अभ्यासक मायकेल एरिक डायसन यांनी लिहिले, की काळ्या घरांतल्या या फटक्यांचे मूळ गुलामगिरीच्या मळ्यांत आहे. लेखिका स्टेसी पॅटन यांनी २०१७ मध्ये याच विषयावर आख्खे पुस्तक लिहिले. मालकाचा चाबूक गुलामाच्या पाठीवर पडला. पुढे गुलामाने आपल्या मुलाला मालकाच्या चाबकापासून वाचवण्यासाठी आधीच फटके देऊन दबून राहायला शिकवले. ही परंपरा म्हणायची तर ती मळ्याच्या मालकाची. काळ्या समाजाचा खरा वारसा त्या चाबकाविरुद्ध उभे राहण्याचा आहे. तो सोडून चाबकाला संस्कृती म्हणणे म्हणजे त्या समाजाचे समर्थन नव्हे.

तिसरा युक्तिवाद हेतूचा: त्याला इजा करायची नव्हती. मला हे खरे वाटते. मुलाला जायबंदी करायचे म्हणून त्याने फोक उचलला नाही. पण हेतू मारणाऱ्याच्या मनात राहतो आणि फटका मुलाच्या अंगावर पडतो. पीटरसन सहा फुटांहून उंच, वजन शंभर किलोच्या जवळ. नुसता हात मिळवला तरी समोरच्याची बोटे दुखतात, अशी त्याच्या पकडीची ख्याती होती. लीगचे आयुक्त रॉजर गुडेल यांनी त्याला पाठवलेल्या पत्रात हेच म्हटले होते, की अशा ताकदीच्या माणसाच्या हातात फोक हे शस्त्रच ठरते.

एनएफएलची स्वतःची नियमावली उघडा. ज्याला त्या क्षणी स्वतःला सावरता येत नाही, अशा खेळाडूच्या डोक्यावर किंवा मानेवर आदळायला तिथे बंदी आहे. झेल घेण्यासाठी हवेत गेलेला खेळाडू, चेंडू फेकून मोकळा झालेला क्वार्टरबॅक, यांना संरक्षण आहे. नियम मोडला तर संघाला यार्डांची शिक्षा, खेळाडूला दंड. डोक्यावर हेल्मेट, खांद्यावर जाड पॅड, शंभर किलोचे शरीर आणि लक्षावधी डॉलरचा करार असलेल्या माणसाला हा खेळ म्हणतो, की तू असहाय असशील तेव्हा तुला कोणी मारणार नाही. पीटरसन या नियमाच्या छायेत पंधरा वर्षे खेळला. त्या नियमाचे अर्धे संरक्षणही त्याच्या मुलाला घरात मिळाले नाही. जो न्याय मैदानावर धडधाकट पुरुषांना लागतो, तो घरात चार वर्षांच्या पोराला लागू करा म्हटले की घराच्या खासगीपणावर घाला घातल्याची ओरड होते.

चौथा युक्तिवाद शिक्षेचा. बचाव करणारे म्हणतात, की लीगने त्याच्यावर अन्याय केला आणि आपली प्रतिमा वाचवण्यासाठी त्याचा बळी दिला. इथे त्यांचे बरेचसे म्हणणे बरोबर आहे, आणि ते मी झाकणार नाही. त्या सप्टेंबरात लीग हादरलेली होती. बाल्टिमोरचा रनिंग बॅक रे राइस याने अटलांटिक सिटीतल्या लिफ्टमध्ये आपल्या भावी पत्नीला ठोसा मारून बेशुद्ध पाडल्याची चित्रफीत ८ सप्टेंबरला बाहेर आली. त्याआधी लीगने त्याला फक्त दोन सामन्यांची बंदी घातली होती. टीका झाल्यावर ऑगस्टअखेर अशा हिंसेसाठी कडक शिक्षेचे नवे धोरण जाहीर झाले. पीटरसनचा गुन्हा मे महिन्यातला, आणि त्याला शिक्षा नव्या धोरणाने.

व्हायकिंग्जचे वागणे तर आणखी उघडे होते. आरोप ठेवल्यावर त्यांनी पीटरसनला १४ सप्टेंबरच्या न्यू इंग्लंड पेट्रियट्सविरुद्धच्या सामन्यातून वगळले. तो सामना ३०-७ असा हरले. दुसऱ्या दिवशी जाहीर केले, की तो पुढच्या सामन्यात खेळेल. ज्या पत्रकार परिषदेत हे समजावून सांगितले, तिच्या मागच्या फलकावर रॅडिसन हॉटेल्सचे बोधचिन्ह होते. त्याच संध्याकाळी रॅडिसनने प्रायोजकत्व थांबवले. पुढच्या दिवशी मिनेसोटाचे राज्यपाल मार्क डेटन यांनी त्याला निलंबित करा म्हटले. १७ सप्टेंबरला पहाटेपूर्वीच संघाने निर्णय फिरवला आणि पीटरसन पगारासह मैदानाबाहेर गेला. सोमवार ते बुधवार या दिवसांत मुलाच्या अंगावरच्या जखमा वाढल्या नव्हत्या. बदलला होता तो प्रायोजकाचा पवित्रा. मालकांना पराभवाने जागे केले आणि जाहिरातदाराने दुसऱ्या कुशीवर वळवले.

नोव्हेंबरमध्ये न्यायालयात पीटरसनने आरोप लढवला नाही. बेपर्वाईने हल्ला केल्याचा सौम्य गुन्हा त्याने स्वीकारला, ४,००० डॉलर दंड भरला, ८० तासांची समाजसेवा आणि परिवीक्षा पत्करली. मूळ आरोप सिद्ध झाला असता तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकली असती. १८ नोव्हेंबरला लीगने उरलेल्या हंगामासाठी त्याला बिनपगारी निलंबित केले. फेब्रुवारी २०१५ मध्ये न्यायाधीश डेव्हिड डॉटी यांनी नवे धोरण मागच्या तारखेने लावता येणार नाही म्हणून तो निर्णय रद्द केला. ऑगस्ट २०१६ मध्ये अपील न्यायालयाने डॉटी यांचा निकाल फिरवून लीगची बाजू उचलून धरली. तोवर पीटरसन परत येऊन एक हंगाम गाजवूनही बसला होता.

लीगने ढोंग केले, मान्य. शिक्षेची पद्धत वादाची होती, मान्य. खेळाडूंच्या संघटनेने त्याविरुद्ध लढा दिला तो योग्यच. मालकांच्या मनमानीला नियमाचा लगाम हवाच. पण यातून मुलाबद्दल काय सिद्ध होते? काहीही नाही. न्यायाधीश डॉटी यांनी लीगच्या अधिकाराचा निवाडा केला, फोकाचा नाही. शिक्षा देणारा खोटा निघाला म्हणून कृत्य निर्दोष ठरत नाही. तरीही वादाचा सगळा धुरळा पगार, धोरण आणि अपील यांवरच उडत राहिला, आणि ज्याच्या अंगावर वळ होते तो पहिल्या आठवड्यानंतर कोणाच्या बोलण्यात उरला नाही.

एक गोष्ट मात्र फार सांभाळून बोलायला हवी. ऑक्टोबर २०१३ मध्ये पीटरसनचा दोन वर्षांचा एक मुलगा साउथ डकोटात मरण पावला. आईबरोबर राहणाऱ्या पुरुषाने त्याला मारले होते. तो आपला मुलगा असल्याचे पीटरसनला थोड्याच दिवसांपूर्वी कळले होते. पहिली भेट झाली ती इस्पितळात, शेवटच्या घटका चालू असताना. दोनच दिवसांनी तो सामना खेळला. या बापाच्या दुःखाबद्दल एकही हलका शब्द काढण्याचा अधिकार कोणाला नाही. पण ज्याने एवढे भोगले त्याला निष्ठुर कसे म्हणता, असा प्रश्न विचारून काही जण हेच दुःख २०१४ च्या बचावाला उभे करतात. मी त्याला निष्ठुर म्हणत नाही. मी एवढेच म्हणतो, की मोठ्या माणसाचा हात लहान शरीराचे काय करू शकतो, हे जगात फार थोड्या बापांनी त्याच्याइतक्या जवळून पाहिले असेल. ते पाहूनही सात महिन्यांनी फोक उचलला जातो, यावरून लहानपणी अंगात भिनलेली ही सवय किती चिवट आहे ते कळते. म्हणूनच तिला पाठीशी घालायचे नसते.

आणि ती सुटलीही नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये, वॉशिंग्टनकडून खेळताना, एका मुलाखतीत त्याने सांगितले की अजूनही आपण मुलाला पट्ट्याने शिक्षा करतो. न्यायालय झाले, पालकांसाठीचे वर्ग झाले, एका हंगामाचा खेळ गेला. बाकी सगळे बदलले, समज तीच राहिली. का राहणार नाही? चार वर्षे भोवतालचा प्रत्येक चाहता त्याला सांगत होता की तू काही वावगे केले नाहीस. त्याच्यावरचे कर्जवसुलीचे खटले किंवा त्याचे इतर वाद यांच्याशी या लेखाला देणेघेणे नाही. ते त्याचे तो निस्तरेल. पण या एका बाबतीत आपण टाळ्या वाजवणाऱ्यांनी त्याला मदत केली नाही. मदत केली असती तर कार्टरसारखे त्याला तोंडावर सांगितले असते.

कायद्याकडे बोट दाखवून सुटणारेही आहेत. टेक्सासचा कायदा आईबापांना वाजवी बळ वापरू देतो. शिस्त लावायचा हक्क पालकांना आहे, समाजाच्या मते ती वाजवीपणाची सीमा ओलांडते तेव्हाच गुन्हा होतो, अशीच भूमिका त्या वेळी सरकारी वकिलांनीही मांडली होती. पण वाजवी किती, हे ठरवणारे सगळे मोठी माणसे. ज्युरीत बसणारे, कायदा करणारे, निकाल देणारे, सगळे. अंगावर वळ उठतात त्याचा त्यात आवाज नाही. स्वीडनने १९७९ मध्येच हा प्रश्न निकालात काढला आणि घरातल्या मारावरही बंदी घातली. असे करणारा तो पहिला देश. तिथली मुले त्यामुळे बिघडली, असे काही झाले नाही. एलिझाबेथ गेर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी २०१६ मध्ये ७५ अभ्यासांचा, दीड लाखाहून अधिक मुलांचा एकत्र धांडोळा घेतला. मार आणि चांगले वर्तन यांचा दुवा त्यांना सापडला नाही. मार आणि आक्रमकपणा, मनाचे आजार, आईबापांशी दुरावा यांचा सापडला. असे अभ्यास प्रत्येक मुलाचे भविष्य सांगत नाहीत, आणि कारण-परिणामाचा शेवटचा शब्दही त्यांना उच्चारता येत नाही. पण मारामुळे मुले घडतात, हा दावा करणाऱ्यांनी एवढ्या मोठ्या ढिगातून आपल्या बाजूचा पुरावा काढून दाखवावा. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितले, की मुलांना मारू नका.

हा सगळा वाद अमेरिकेतला. पण पीटरसनचे निवेदन मराठीत वाचले तर ते परके वाटत नाही. निरगुडीच्या फोकाने मास्तरांनी सोलून काढले म्हणून आम्ही चार अक्षरे शिकलो, बापाच्या पट्ट्यामुळे आमचे पाय जमिनीवर राहिले, हे अभिमानाने सांगणारी माणसे आपल्या प्रत्येक लग्नघरात भेटतात. कोणी ‘श्यामची आई’मधली, पोहायला घाबरणाऱ्या श्यामला शिंपटीने मारणारी आई पुढे करील. त्या पुस्तकावर पिढ्यांनी जीव टाकला तो शिंपटीमुळे नव्हे. त्या आईने मुलाशी साधलेला संवाद, तिचे कष्ट, तिचा स्वाभिमान यांमुळे ती मनात राहिली. शिंपटी वगळली तरी ती आई उरते. बाकीचे वगळले तर काहीच उरत नाही. आपल्याकडे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेतल्या शारीरिक शिक्षेला बंदी घातली आहे. शाळेच्या दाराशी थांबलेला हा विचार घराच्या उंबऱ्याआत यायला अजून वेळ लागतो आहे, आणि त्याला अडवून धरते ते हेच वाक्य: आम्ही मार खाल्ला, आमचे काय वाईट झाले? ज्यांचे वाईट झाले ते लग्नघरात उभे राहून सांगत नाहीत. मार खाऊन मोडलेल्यांच्या मुलाखती घ्यायला कोणी जात नाही, त्यांच्या नावे विक्रम नसतात. यशस्वी माणसाच्या तोंडून ऐकलेली मारकथा ही म्हणूनच सर्वांत कच्ची साक्ष असते.

पीटरसनला जन्मभर बहिष्कृत करा, असे मी म्हणत नाही. त्याने शिक्षा भोगली, त्याला काम करण्याचा, बाप असण्याचा, बदलण्याचा पूर्ण हक्क आहे. कँटनला त्याचे नाव पुकारले जाईल तेव्हा उभे राहून टाळ्या वाजवाव्यात असाच त्याचा खेळ होता. २९६ यार्डांचा तो सामना आणि २,०९७ यार्डांचा तो हंगाम कोणी पुसू नये. पण त्या व्यासपीठावर तो स्वतः, किंवा त्याच्या वतीने दुसरे कोणी, आपल्याला लहानपणी पडलेल्या फटक्यांचे आभार मानू लागले, तर श्रोत्यांनी त्या वाक्याला टाळी देऊ नये. कारण ते वाक्य ऐकून त्या रात्री कुठल्या तरी घरात एखादा बाप निश्चिंत मनाने फांदी सोलायला बसेल. त्याच्या १४,९१८ यार्डांचे श्रेय आईच्या रक्ताला द्या, सरावाला द्या, गुडघा जोडणाऱ्या डॉक्टरांना आणि तो पुन्हा वाकवायला शिकवणाऱ्या फिजिओंना द्या, आणि सर्वांत जास्त, एवढे सगळे सोसून धावत राहिलेल्या त्या मुलाला द्या. फोकाला त्यातला एकही यार्ड देऊ नका.